भिंतीच्या पोटातील इंधन
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



‘शून्य-ऊर्जा इमारत’ हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर येऊ लागला आहे. वर्षभरात जितकी वीज खर्ची पडते तितकी स्वतःच निर्माण करणारी ही इमारत. नवी दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन हे तिचे ठळक उदाहरण. २०१४ साली त्याचे उद्घाटन झाले. त्यावर ९३० किलोवॅटचे सौर फलक बसविले आहेत. परंतु विजेचा हा हिशेब माणसे इमारतीत वावरू लागल्यावर सुरू होतो. तत्पूर्वी भिंतीच्या पोटात किती इंधन गेले आणि ती पाडल्यावर त्या मालाचे काय होणार, याची नोंद त्या वहीत नसते.

सिमेंटच घ्या. त्यासाठी चुनखडी भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते. कोळसा जळतो तो जळतोच. शिवाय खुद्द चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि एकूण वायूत हाच वाटा निम्म्याहून अधिक असतो. चुना मात्र सुमारे ९०० अंशांवर भाजतो, आणि भिंतीत घट्ट होताना सोडलेला वायू हळूहळू परत शोषतो. ॲल्युमिनियमची तऱ्हा निराळी. प्रथम बनविताना वीज अतोनात लागते, भंगारातून पुन्हा ओतताना त्याच्या जेमतेम ५ टक्के ऊर्जा पुरते.

आता आपल्या कोकणातला चिरा पाहा. जांभा खाणीतून कापायचा; भाजायचा प्रश्नच नाही. मातीत वा चुन्यात बसविलेला चिरा घर उतरविताना अखंड निघतो. आजोबांच्या पडवीचा चिरा नातवाच्या जोत्याला चालतो! सिमेंटमध्ये बसविला की चिरा फुटतो, पण सिमेंट सुटत नाही. मंगळुरी कौले भट्टीतली खरी, परंतु दोन पिढ्या टिकली की तो खर्च पुष्कळ वर्षांवर विभागला जातो.

स्लॅब घालूच नका, असे मी म्हणत नाही. शाकारणीला माणूस मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आखातात घाम गाळून कोणी पक्के घर बांधू पाहत असेल, तर त्याला दोष कसा द्यावा? विनंती एवढीच, की जुने घर जेसीबीने एका दिवसात सपाट करू नका. चिरे, वासे, दारे, कौले आधी मोजून उतरवून घ्या. आठ दिवस अधिक लागतील; लागू द्या.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी या सुटीत आपल्या घराची यादी करावी. वस्तू कोणती, आली कोठून, भाजलेली की न भाजलेली, पुन्हा वापरता येईल काय? गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिली तरी चालेल. मी तपासून देईन.