वर्गोन्नती आणि आपला हक्क



परमपूज्य बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सांगितले होते की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या १०० मुलांपैकी अवघी १८ चौथीपर्यंत पोहोचतात; बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस परीक्षा आणली; २०२३ साली महाराष्ट्रानेही तसे नियम केले. आता नापास मूल त्याच वर्गात ठेवता येते. परंतु त्याआधी त्यास जादा शिकविणे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षेची संधी देणे आवश्यक आहे. आठवी पुरी होईपर्यंत त्यास शाळेतून काढताही येत नाही.

न शिकविता वर चढविलेले मूल फसविले जाते; न शिकविता मागे ठेवलेले मूल शाळेस मुकते. दोन्हींत अपराध मुलाचा नव्हे.

म्हणून निकाल लागताच शाळेत जा. जादा शिकवणी कोण देणार, केव्हा देणार, हे लेखी विचारा. संध्याकाळी विहारात अभ्यासवर्ग चालवा. ‘याच्या नशिबी विद्या नाही’ असे कोणी म्हणाल्यास त्यास निक्षून सांगा : नशिबाची ती भाषा आपल्या समाजाने १९५६ साली नागपुरास दीक्षाभूमीवर कायमची टाकली आहे.

जय भीम!