यॉर्कशरचं कृषिप्रदर्शन

जुलैमध्ये इंग्लंडला जाणार असाल, तर एक दिवस हॅरोगेटच्या ‘ग्रेट यॉर्कशर शो’साठी अवश्य ठेवा. १८३८मध्ये यॉर्क इथे सुरू झालेलं हे कृषिप्रदर्शन पुढे गावोगाव फिरत राहिलं आणि १९५१पासून हॅरोगेटला स्थिरावलं. आता ते चार दिवस चालतं.

सकाळी लवकर पोहोचा आणि आधी जनावरांच्या रिंगणाकडे वळा. तिथे परीक्षक मेंढ्यांची पाठ हाताने चाचपतात, दात आणि लोकर तपासतात. लांब कुरळ्या लोकरीची वेन्स्लीडेल आणि डोंगराळ भागातली काटक स्वेलडेल, या दोन्ही इथल्याच जाती. मेंढ्यांची लोकर कातरण्याच्या स्पर्धाही बघण्यासारख्या असतात. दुपारी विजेत्या गाईबैलांची मिरवणूक निघते. खायला वेन्स्लीडेल चीज घ्या. यॉर्कशरमध्ये ते फ्रूटकेकबरोबर खातात.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा. लीड्सहून हॅरोगेटला थेट रेल्वे आहे. रेनकोट आणि मजबूत बूट बरोबर असू द्या. मुख्य म्हणजे, शेतकऱ्यांशी बोला. आपल्या जनावराबद्दल कुणी आस्थेनं विचारलं, की शेतकरी मोकळेपणानं बोलू लागतो. इंग्लंडची खरी ओळख त्या गप्पांमधून होईल.