बायबल वाचणाऱ्या बाया

(स्त्री-पुरुषांच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजचा विषय परक्या घरचा वाटेल. ख्रिस्ती धर्माच्या पुस्तकांत बायांविषयीं जें लिहिलें आहे, तें ख्रिस्ती बायांना कसें वाटतें, हें सांगावयास मी उभी आहें. कोणी म्हणेल, त्यांचें त्या पाहून घेतील, आपणांस काय त्याचें? परंतु पूर्वीं कुलकर्ण्यानें कागद वाचावा आणि कुणब्यानें अंगठा उठवावा, असा आपला कारभार होता. कागदांत खरें काय आहे आणि वाचणारा काय सांगतो, यांतलें अंतर ज्यांनीं जमिनी घालवून ओळखलें, त्यांना ही हकीकत समजावयास वेळ लागणार नाहीं.

आधीं पुस्तकांत काय आहे तें पाहूं. आरंभींच अशी गोष्ट आहे कीं, देवानें आदाम घडविला आणि त्याच्या बरगडीपासून हव्वा केली. सापाच्या नादीं लागून हव्वेनें मना केलेलें फळ खाल्लें व नवऱ्यास दिलें. तेव्हां देवानें तिला सांगितलें कीं, तुला कष्टानें लेकरें होतील आणि नवरा तुझ्यावर सत्ता चालवील. पुढें पौल नांवाच्या प्रेषिताच्या पत्रांत बायांनीं मंडळींत गप्प बसावें, असें आहे. ‘शास्ते’ नांवाच्या भागांत तर एक लेवी स्वतःचा जीव वांचविण्यासाठीं आपली बाई गांवगुंडांच्या हवालीं करितो, आणि सकाळीं ती उंबऱ्यावर हात टाकून पडलेली सांपडते. हें सगळें धर्मपुस्तकांत आहे बरें का, बाजारांतल्या चोपड्यांत नव्हे!

पण त्याच पुस्तकांत दुसरेंही आहे. सलाफहाद नांवाचा एक मनुष्य मेला. त्याला मुलगा नव्हता, पांच मुली होत्या. त्या पांचजणी भर सभेंत मोशेपुढें उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, बापाचें नांव कां बुडावें, आम्हांला जमीन द्या. देवानें निकाल दिला कीं मुलींचें म्हणणें रास्त आहे. (भाऊबंदांनीं मागून अट घालून घेतली कीं, या पोरींनीं आपल्याच कुळांत लग्न करावें, म्हणजे जमीन बाहेर जाणार नाहीं. भाऊबंद तेथलेही तसेच!) आतां पाहा, हें पुस्तक हातांत असतांना त्रावणकोरांतल्या ख्रिस्ती लोकांसाठीं १९१६ सालीं जो कायदा झाला, त्यांत मुलीला मुलाच्या वांट्याच्या चौथा हिस्सा किंवा पांच हजार रुपये, यांपैकीं जें कमी असेल तें, एवढेंच ठेविलें होतें. तो कायदा मेरी रॉय या बाईनें सर्वोच्च न्यायालयांत नेऊन १९८६ सालीं मोडून काढविला.

तर मग हें वाचून बायांना वाटलें काय? सगळ्यांना एकच वाटलें नाहीं.

अमेरिकेंत सोजर्नर ट्रुथ नांवाची एक काळी बाई होती. जन्म गुलामगिरींत झाला, अक्षराशीं ओळख नव्हती. १८५१ सालीं ओहायो प्रांतांतल्या ॲक्रन गांवीं बायांच्या हक्कांची सभा भरली, तेथें ती बोलली. तिचें म्हणणें असें कीं, मला वाचतां येत नाहीं पण ऐकतां येतें. हव्वेनें जग उलथें केलें म्हणतां, तर तें सुलटें करण्याची संधि बाईलाच द्या. आणि येशू आला तो देवापासून व बाईपासून. त्यांत पुरुषानें काय केलें? मोठमोठ्या पाद्र्यांना जें सुचलें नाहीं तें या निरक्षर बाईला सुचलें.

तिच्या आधीं सॅरा ग्रिम्के होऊन गेली. ही साउथ कॅरोलिनांतल्या, गुलाम बाळगणाऱ्या श्रीमंत घरची लेक. ती आणि तिची बहीण घर सोडून गुलामगिरीविरुद्ध व्याख्यानें देऊं लागल्या. १८३७ सालीं मॅसॅच्युसेट्सच्या पाद्र्यांनीं पत्रक काढून बायांनीं असें चव्हाट्यावर बोलूं नये म्हणून बजाविलें. सॅरानें उत्तर दिलें, तें १८३८ सालीं पुस्तकरूपानें निघालें. तिनें सांगितलें कीं, देवाचें वचन निराळें आणि पुरुषांनीं केलेलें भाषांतर निराळें. हव्वेला सांगितलेलें तें वाक्य हुकूम नव्हे, पुढें काय होईल त्याची खबर आहे. औंदा पाऊस नाहीं असें सांगणें वेगळें, आणि पडूं नको म्हणून ढगाला दरडावणें वेगळें. बाया स्वतः हिब्रू व ग्रीक शिकतील तेव्हां बऱ्याच वाक्यांचा अर्थ पालटेल, असेंही ती म्हणाली.

तिचें म्हणणें खोटें ठरलें नाहीं. देवानें बाई निर्माण केली ती पुरुषाला ‘मदतनीस’ म्हणून, असें सांगून तिला मोलकरणीच्या पंगतीला बसविलेलें होतें. पण मूळ हिब्रू शब्द ‘एझेर’, आणि तोच शब्द त्या पुस्तकांत खुद्द देवाला लावला आहे. देव माणसांचा मोलकरी आहे काय? फिबी नांवाच्या बाईला पौलानें जो शब्द लाविला, तोच तो स्वतःलाही लावितो. १६११ च्या इंग्रजी भाषांतरांत तो पुरुषांच्या ठिकाणीं धर्मसेवकाच्या मानाचा झाला आणि फिबीच्या ठिकाणीं नुसती ‘चाकर’. यूनिया नांवाच्या बाईची गंमत तर याहून मोठी. पौल तिला प्रेषितांत नामांकित म्हणतो. चौथ्या शतकांतल्या धर्मगुरूंनाही ती बाई म्हणून ठाऊक होती. पुढच्या पंडितांना मात्र बाई आणि प्रेषित हें जुळेना, म्हणून त्यांनीं तिचा पुरुष करून टाकिला! इंग्रजी बायबलाच्या एका प्रसिद्ध आवृत्तींत १९८९ सालीं ती पुन्हां बाई झाली.

कनेक्टिकट प्रांतांत ग्लास्टनबरी गांवीं जूलिया स्मिथ आणि तिची बहीण ॲबी राहत. मत देण्याचा हक्क नाहीं तर करही देणार नाहीं, असें त्यांनीं म्हटलें, तेव्हां १८७४ सालीं सरकारी माणसानें त्यांच्या गाई गोठ्यांतून सोडून नेल्या. या जूलियानें सबंध बायबलाचें एकटीनें भाषांतर केलें आणि पदरच्या पैशानें १८७६ सालीं छापिलें. त्या वेळीं तिचें वय चौऱ्यायशीं होतें.

या बायांचें मत असें कीं, पुस्तक चांगलें, वाचणारे लबाड. एलिझाबेथ कॅडी स्टॅन्टनला हें पटलें नाहीं. पुस्तकच पुरुषांनीं लिहिलें, त्यांत बाईची निंदा आहे ती आहे, असें तिचें रोखठोक म्हणणें. आपल्या सोबतिणींना घेऊन तिनें १८९५ सालीं ‘बायांचें बायबल’ काढिलें, दुसरा भाग १८९८ सालीं. गंमत पाहा, १८९६ सालीं बायांच्याच मताधिकार संस्थेनें, आमचा या पुस्तकाशीं संबंध नाहीं, असा ठराव ५३ विरुद्ध ४१ मतांनीं केला. ऐंशी वर्षांची म्हातारी, जिनें ती चळवळ उभारली, तिलाच घरच्यांनीं दार लाविलें. मला विचाराल तर स्टॅन्टनबाईच्या बोलण्यांत वजन आहे. एझेरचा अर्थ सुधारतां येईल, पण उंबऱ्यावर पडलेल्या त्या बाईला कोणतें भाषांतर उठविणार? फिलिस ट्रिबल या विदुषीनें १९८४ सालीं त्या बाईवर व तिच्यासारख्या दुसऱ्या तिघींवर पुस्तक लिहिलें. तिनें त्या गोष्टी झांकल्याही नाहींत आणि गोडही केल्या नाहींत. मेलेल्या बायांचा शोक करावा तशा त्या वाचल्या.

आणि ज्यांना त्या पुस्तकांत नुसता धीर मिळतो अशा बायाही पुष्कळ आहेत. त्यांना अडाणी म्हणून हसूं नका. विहिरीवरच्या शोमरोनी बाईशीं येशू बोलला, कबरेपाशीं तो प्रथम मरीयेला दिसला, हें त्यांना खरें वाटतें, आणि तें पुस्तकांत आहेच.

आतां आपल्याकडचें सांगतें. पंडिता रमाबाईंनीं संस्कृत शास्त्रें वाचलीं होतीं, आणि बायका मुळांतच वाईट एवढ्यावर तीं सगळीं एक होतात, हें त्यांना दिसलें होतें. इंग्लंडांत शोमरोनी बाईची गोष्ट ऐकून त्यांचें मन वळलें. १८८३ सालीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. इकडे गहजब झाला, तेव्हां जोतीराव फुल्यांनीं १८८५ सालीं ‘सत्सार’मध्यें त्यांची बाजू घेतली. पण तिकडेही सुख नव्हतें. बाईनें पुरुषांना शिकवूं नये म्हणून मुंबईच्या व लाहोरच्या बिशपांनीं हरकत घेतली. रमाबाईंनीं कळविलें कीं, एका भटशाहीचें जूं मोठ्या कष्टानें मानेवरून काढिलें, आतां दुसरें घेणार नाहीं. ख्रिस्त त्यांनीं सोडिला नाहीं, आणि पाद्र्यांपुढें मानही वांकविली नाहीं.

ती हरकत अजून पुरी निघालेली नाहीं. दक्षिण भारताच्या चर्चनें १९७६ सालीं पहिल्या बाईला पाद्रीण केलें आणि २०१३ सालीं नंद्यालला पहिली बाई बिशप झाली. रोमच्या पोपनें मात्र १९९४ सालीं लिहून टाकिलें कीं, बाईला धर्मगुरु करण्याचा चर्चला अधिकारच नाहीं.

दौंडाजवळ केडगांवीं दुष्काळांतल्या पोरी रमाबाईंनीं सांभाळिल्या. छापलेल्या मराठी बायबलाची संस्कृताळलेली भाषा खेड्यांतल्या पोरींना कळेना, म्हणून त्यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून सोप्या मराठींत सगळें पुस्तक नव्यानें लिहिलें. खिळे जुळविणाऱ्या आणि छापणाऱ्या त्या पोरीच होत्या. रमाबाई १९२२ सालीं वारल्या. सबंध बायबल १९२४ सालीं बाहेर आलें.