दुरून नाडी पाहणारा यंत्रवैद्य

पडद्याआड बसलेल्या राणीच्या मनगटाला सूत बांधून त्या सुतावरून नाडीपरीक्षा करणाऱ्या राजवैद्याची कथा आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. सुतावरून स्वर्ग गाठण्याचाच तो प्रकार, असे म्हणून शहाणी माणसे ती हसण्यावारी नेतात. संगणकांच्या बाबतीत मात्र ती पुष्कळशी खरी ठरली आहे.

येथला रोगी म्हणजे थिन क्लायंट. या यंत्रापाशी स्वतःचे असे फारसे काही नसते. कळफलकावर उमटलेले अक्षर त्याने दूरच्या सर्व्हरकडे पोचवावे आणि तिकडून आलेले चित्र पडद्यावर दाखवावे, एवढेच त्याचे काम. स्वयंपाक एका चुलीवर आणि पाने पन्नास घरी, असा हा संसार. अर्थात चूल विझली की पन्नास पाने एकदमच रिकामी!

इंग्लंडातील केंब्रिज येथे ऑलिव्हेट्टीच्या संशोधनशाळेत 'व्हिडिओटाइल' नावाचा असाच एक पाटीवजा पडदा तयार झाला होता. त्या विचारातून पुढे 'व्हीएनसी' ही योजना निघाली आणि 1998 साली ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. तिचे मर्म मोठे सोपे आहे. पडद्यावरचा जो आयताकृती तुकडा बदलला असेल तेवढाच पाठवावयाचा, आणि तोही पाहणाऱ्याने मागितल्यावर. एखादी चौकट नुसती सरकली, तर ती पुन्हा रंगवीत न बसता 'येथली उचलून तेथे ठेव' एवढाच निरोप धाडावयाचा. त्यामुळे मंद तारेवरही काम निभते.

आता पाहा, जे चित्र एकाला पाठविता येते ते दुसऱ्यालाही पाठविता येते. म्हणून दुसऱ्या गावी बसलेला तंत्रज्ञ कारकुनाचाच पडदा आपल्यासमोर पाहतो, अडून बसलेला प्रोग्राम बंद करतो, बाण स्वतः हलवून वाट दाखवितो. प्रवासाचा दिवस वाचतो. परंतु त्याच क्षणी कारकून आपले बँकेचे खाते किंवा घरचे पत्र उघडून बसला असेल तर? विंडोज सर्व्हरमध्ये असे डोकावण्यापूर्वी वापरणाऱ्याची संमती विचारण्याची सोय आहे. व्यवस्थापकाला मात्र ती काढूनही टाकता येते. सोयीच्या नावाखाली ती काढणे हा दाराची कडी काढून ठेवण्याचाच प्रकार होय.

शिवाय तारेवर तिसराही कोणी कान देऊन असतो. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत परवलीच्या शब्दाची पहिली 8 अक्षरेच जमेस धरली जात, आणि पुढचा सारा व्यवहार उघड्यावर चाले. ही ओळखपरीक्षा दुबळी आहे, असे 2011 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या नियमपत्रातच स्पष्ट म्हटले आहे. म्हणून जाणते लोक ही वाहतूक सांकेतिक लिपीच्या बोगद्यातून नेतात.

इतके करूनही मागची केबल निखळली की वैद्याच्या हातचे सूतच तुटते. मग दूरध्वनी उचलून त्याच कारकुनाला विनवावे लागते, "साहेब, मागची तार जरा दाबून पाहता का?"