चुकलेलं लेकरू आणि आपली जबाबदारी
(विहाराच्या वर्धापन दिनी दिलेले व्याख्यान)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांना वंदन करून मी आज एका अवघड विषयावर बोलणार आहे. लहान वयात ज्याच्या हातून खुनासारखा गंभीर गुन्हा घडतो, त्या मुलाचं समाजाने काय करावं?

पेपरात असं काही छापून आलं की आपल्या चौसाळ्याच्या स्टँडवर चहा पिता पिता एकच वाक्य ऐकू येतं, "फाशी द्या, मोकळे व्हा." हा राग खोटा नाही. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याचा तर नाहीच नाही. पण राग ही एक गोष्ट आहे आणि न्याय ही दुसरी गोष्ट आहे. या दोन्हींची गल्लत झाली म्हणजे काय होतं, याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात एका घरात शिरून पाच स्त्रिया आणि दोन लहान मुलं, अशा सात जणांची हत्या झाली. त्यातली एक स्त्री गरोदर होती. सारा महाराष्ट्र हादरला. आरोपींमध्ये राजस्थानातल्या खेड्यातून आलेला एक जण होता. त्याला मोठा माणूस समजून खटला चालला, फाशीची शिक्षा झाली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही ती कायम केली. पुढे अनेक वर्षांनी त्याच्या गावच्या शाळेचं रजिस्टर न्यायालयापुढे आलं. त्या नोंदीप्रमाणे घटनेच्या दिवशी त्याचं वय होतं साडेबारा वर्षं! १९९४ साली १९८६ चा बाल न्याय कायदा लागू होता. त्यात मुलग्यासाठी वयाची मर्यादा १६ वर्षांची होती. म्हणजे त्याला फाशी देताच येत नव्हती. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं, तेव्हा त्याने तुरुंगात २८ वर्षांहून अधिक काळ काढला होता. पुढे आलेल्या २००० च्या कायद्याप्रमाणे अशा मुलाला जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवता आलं असतं. मी त्याचं नाव घेत नाही. मुलाचं नाव जाहीर करू नये असा कायदाच आहे.

बंधू-भगिनींनो, त्या घरातली सात माणसं परत आली नाहीत, हे मी क्षणभरही विसरत नाही. पण मला सांगा, साडेबारा वर्षांच्या पोराला फाशीच्या छायेत वाढवून त्या घराला काय मिळालं?

आता दुसरं उदाहरण घ्या. तेही पुण्याचंच. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव गाडीने दोन तरुण इंजिनीअर ठार झाले. बाल न्याय मंडळाने त्याच दिवशी मुलाला जामीन दिला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. देशभर संताप झाला. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाच्या घरच्या वडीलधाऱ्यांनाही अटक झाली. मुलाला मोठ्या माणसाप्रमाणे खटल्याला उभं करावं ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळली.

ही दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. एकाच्या पाठीशी पहिल्या दिवसापासून वकील आणि पैसा. दुसऱ्याचं खरं वय मान्य व्हायला २८ वर्षं! पुण्यातलं दुसरं प्रकरण पाहून लोक म्हणाले की मुलांचा कायदा फार मऊ आहे, तो मोडून काढा. मी म्हणतो, मुलांचा कायदा सैल केला तर श्रीमंताचं पोर त्यातूनही वाट काढील. फासात सापडेल ते आपलं पोर, ऊसतोड्याचं पोर, हॉटेलात कपबशा विसळणारं पोर. कायदा सर्वांना सारखा लागू झाला पाहिजे, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

आणि आपल्याकडं वयाचा प्रश्न किती नाजूक आहे बघा. वय ठरवताना कायदा आधी शाळेचा दाखला बघतो, तो नसला तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि तीही नसली तरच डॉक्टरी तपासणी होते. इथं बसलेल्या किती जणांची जन्मतारीख १ जून आहे? हात वर करा म्हटलं तर निम्मी सभा हात वर करील! गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली तारीख. त्यात दिवाळी झाली की कोयता घेऊन आईबाप कारखान्यावर, लेकरं बरोबर, शाळा सुटली ती सुटली. म्हणून सांगतो, लेकराची जन्मनोंद वेळेवर करा. तो कागद उद्या त्याचा जीव वाचवील.

सध्याचा कायदा २०१५ चा आहे. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेतला एक आरोपी अठरा वर्षांच्या आतला होता, त्यानंतर हा कायदा कडक झाला. मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. १६ ते १८ वयाच्या मुलाने अति गंभीर गुन्हा केला, तर मंडळ त्याची समज तपासतं आणि खटला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. तिथं त्याला मोठी शिक्षा होऊ शकते. पण २१ वर्षांचा होईपर्यंत तो मोठ्यांच्या तुरुंगात जात नाही. फाशी नाही, आणि सुटकेची आशाच नसलेली जन्मठेपही नाही. म्हणजे शिक्षा आहे, पण दार उघडं ठेवलेलं आहे.

मागं एकदा वंदनेनंतर एका मावशीनं मला विचारलं, "सर, तुमच्या पोराला कुणी मारलं असतं, तर असं बोलला असता का?" मी गप्प झालो. खरं सांगतो, मला नसतं बोलता आलं. म्हणूनच शिक्षा ठरवण्याचं काम दुखावलेल्या बापाच्या हाती देत नाहीत. बापाचं काम रडण्याचं आहे आणि समाजाचं काम त्याच्या शेजारी बसण्याचं आहे.

अंगुलीमालाची गोष्ट आपल्या घरातल्या लहान मुलालाही माहीत आहे. बाबासाहेबांनी ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. पण तिचा शेवट आपण विसरतो. तो भिक्खू झाला, राजा प्रसेनजिताने त्याला धरलं नाही, तरी भिक्षेला गेल्यावर लोकांनी त्याला दगड मारले. डोकं फुटून, रक्ताने माखून तो तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला हे सहन करायला सांगितलं, कारण हे त्याच्याच कर्माचं फळ होतं. बघा, तथागतांनी त्याला टाकलं नाही आणि त्याचा गुन्हा झाकलाही नाही. मुलांच्या बाबतीत मला एवढंच सांगायचं आहे. टाकायचं नाही आणि झाकायचंही नाही.

आपण या दोन्ही चुका करतो. आपलं पोर असलं की झाकतो, "पोरगं आहे, चुकलं" म्हणतो. दुसऱ्याचं असलं की टाकतो.

मग विहाराने काय करावं? पहिली गोष्ट, ज्याच्या घरी दुःख झालं, तिथं आधी जावं. मग ते घर कोणत्याही जातीचं असो. दुसरी, आपल्या वस्तीतलं मूल अडकलं तर त्याला पळवून लावू नये, खोटी साक्ष देऊ नये. त्याला सत्य बोलायला लावावं आणि बीडच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळवून द्यावा. तिसरी, मूल निरीक्षणगृहात किंवा विशेष गृहात असेल तर आईबापांनी भेटणं सोडू नये. बाप लाजेनं जात नसेल तर समितीतल्या दोघांनी जाऊन यावं. आणि चौथी, सर्वांत अवघड. ते परत येईल तेव्हा त्याला काम द्यावं, विहारात बसायला सतरंजीवर जागा द्यावी. कायदा त्याला गावाच्या वेशीपर्यंत आणून सोडतो. वेशीच्या आत घेणं आपल्या हाती आहे. आपल्या वाडवडिलांना या समाजाने वेशीबाहेर ठेवलं होतं. बाहेर राहणं काय असतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

दाराजवळच्या पोरांनो, तुम्हालाही एक सांगतो. मोबाईलवर कोयता घेऊन फोटो टाकण्यात मर्दुमकी नाही. तथागतांनी लहानग्या राहुलाला सांगितलं होतं, आरशात तोंड बघावं तसं आपलं प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर तपासून बघ. त्यातलं 'आधी' तेवढं तुम्ही सांभाळा. नंतरचं सांभाळायला मग कोर्टाची गरज पडणार नाही.

आता आत या, दारात उभे राहू नका. पुढं जागा आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!