तुकोबांचे देहू कोणी उभे केले?
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



हिंदू-मुसलमानांनी गुण्यागोविंदाने राहावे, असे व्यासपीठावरून सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्यापेक्षा पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचे काम मोलाचे वाटते. १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी. कलाविभाग फत्तेलालांकडे. म्हणजे तुकोबांचे घर, त्यांचे देहू पडद्यावर कसे दिसावे हे एका मुसलमान कलावंताने ठरवले. १९३७ साली व्हेनिसलाही त्या बोलपटाचा गौरव झाला.

याच कंपनीने १९४१ साली 'शेजारी' काढला, दिग्दर्शक व्ही. शांताराम. ही गोष्ट तर थेट आपलीच. जिवा पाटील आणि मिर्झा, जिवाभावाचे शेजारी. धरणासाठी जमीन हवी, गाव देईना. मग धरणवाला या दोघांतच वितुष्ट घालतो. जमिनीचा प्रश्न राहतो बाजूला, भांडण शिरते घरात! हिंदी 'पडोसी'त मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मझहर खान.

कापसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरायचे ठरले, की नेमका तेव्हाच गावात झेंड्याचा, मिरवणुकीच्या वाटेचा वाद का निघतो? धरणवाला कोण, हे ज्याने त्याने आपल्या गावात शोधावे.

पुढच्या मेळाव्याचे फलक रंगवायचे आहेत. गावोगावचे हिंदू आणि मुसलमान पेंटर एकाच फलकावर बसवा. रंगाचा खर्च वर्गणीतून करू. वर लिहायचे ते कापसाचे आणि ज्वारीचे भाव.