कलावंत तेच, गोष्ट नवी

हिंगोलीच्या दसऱ्यात रामलीला पाहायला माणसं वर्षानुवर्षं जातात. गोष्ट पाठ असते. रावण मरणार, हे खांद्यावर बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. रामाचं काम करणारा बदलला, तरी कुणी तक्रार करत नाही. याच्या अगदी उलटा प्रकार छोट्या पडद्यावर घडला. तिथे कलावंत तेच राहिले, गोष्ट बदलली, आणि प्रेक्षक रुसले.

मार्च २०१५ मध्ये झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' सुरू झाली. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये एकत्र राहणारी सहा तरुण मुलंमुली, आणि त्या फ्लॅटचं नाव 'माजघर'. अमेय वाघ, सुव्रत जोशी, पुष्कराज चिरपुटकर, सखी गोखले, स्वानंदी टिकेकर आणि पूजा ठोंबरे ही मंडळी त्यात होती. सासू-सुनांच्या कारस्थानांना कंटाळलेल्या प्रेक्षकाला इथे साधी थट्टामस्करी मिळाली. तरुणांना तर ती आवडलीच, पण आमच्यासारखे आईबापही रात्री साडेदहापर्यंत जागायला लागले. त्याला कारण होतं. आपल्या जिल्ह्यातून बारावीनंतर किती मुलं नांदेडला, पुण्याला रूम करून राहतात! माझा मुलगाही तेव्हा पुण्यातच होता. माजघरात जेवणावरून वाद झाला, की आमच्या घरातून पुण्याला फोन लागायचा, "जेवलास का रे?"

फेब्रुवारी २०१६ मध्ये मालिका संपली तेव्हा प्रेक्षक हळहळले. पुन्हा सुरू करा, अशी मागणी झाली. वर्षभराने, फेब्रुवारी २०१७ मध्ये, तीच मंडळी 'दिल दोस्ती दोबारा' घेऊन आली. मात्र पात्रं नवी, त्यांची नावं नवी, कथाही नवी. यशस्वी मालिकेला पाणी घालून वाढवण्यापेक्षा नवं काही करून पाहिलं, याचं काहींनी कौतुक केलं. पण पुष्कळांचा सूर वेगळाच होता. अमेय वाघ दिसला की लोकांना कैवल्यच आठवायचा. आमच्या घरीही पहिल्याच आठवड्यात निकाल लागला, "हे काही आपलं माजघर नाही." ऑगस्ट २०१७ मध्ये, म्हणजे सहाएक महिन्यांतच, मालिका थांबली.

मग जुनीच पात्रं आणली असती तर? त्याचंही उदाहरण त्याच वर्षीचं आहे. २००४ मध्ये सुरू झालेली 'साराभाई वर्सेस साराभाई' ही हिंदी विनोदी मालिका मे २०१७ मध्ये इंटरनेटवर परतली. तेच कुटुंब, तीच नावं. जुनी माणसं भेटल्याचा आनंद लोकांना झाला, पण पहिल्यासारखी धार नाही, अशी कुरकुर तिथेही झालीच. म्हणजे बदललं तरी दोष, न बदललं तरी दोष!

विनोद दुसऱ्यांदा जमतच नाही, असं मात्र नाही. इंग्रजीतल्या 'फॉल्टी टॉवर्स'चे पहिले सहा भाग १९७५ मध्ये आले आणि पुढचे सहा थेट १९७९ मध्ये. ते दुसरे सहाही लोकांनी डोक्यावर घेतले. बारा भागांवर ती मालिका थांबली. आपल्याकडे विनोदी दैनंदिन मालिकेच्या लेखकाला तेवढे भाग दोन आठवड्यांत लिहावे लागतात. समीक्षकांनी आणि आपणही हा हिशेब ध्यानात ठेवायला हवा.

पण मला सापडलेलं खरं कारण आमच्याच घरातलं आहे. 'दोबारा' आली तेव्हा मुलगा नोकरीला लागला होता. पुण्याची रूम सुटली होती. दोस्तांची ती टोळी चार गावांना पांगली होती. आम्ही साडेदहाला टीव्हीसमोर बसायचो ते नवी मालिका पाहायला नव्हे, तर ते गेलेलं वर्ष परत मिळतंय का, ते पाहायला. ते कोणता लेखक देणार?

मध्यंतरी 'दोबारा'चे काही भाग पुन्हा पाहिले. या वेळी कैवल्यला शोधलं नाही. आणि सांगायला हरकत नाही, दोन-तीन ठिकाणी मोठ्यानं हसू आलं. ते हसू २०१७ मध्येही तिथेच होतं. आम्हीच रुसून बसलो होतो.